अपशब्द कोणता, ते लिहा

मंगळवार, १४ मे

दादा,

नमस्कार. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण तुला वाटायचं मी फाउल मिळवायला मुद्दाम आडवा पडतोय. आईचा खोकला कमी झाला का? तिच्या नव्या चष्म्याच्या काचा मी स्वतः घासून बसवल्यात. वहिनी दुकानात आली की तिच्याकडे या पत्रासोबत चष्मा देतो. मिळेल त्या कपड्याने पुसू नको म्हणावं, ओरखडे पडतात.

दुकान बरं चाललंय. म्हणजे गिऱ्हाइकं येतात, पण निम्मी मला बघायला. "तुम्हीच ना ते रेफरी? चष्म्याच्या दुकानात बसता आणि पेनल्टी दिसत नाही?" ऐकून ऐकून कान किटले. काल तर मालकांनीच मला खुर्चीत बसवून माझे डोळे तपासले. नंबर निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही कारण मिळालं असतं.

फोन तू उचलत नाहीस. दारात आलो की मागच्या दाराने वर्कशॉपला निघून जातोस. म्हणून लिहायला बसलो. रविवारी सेमीफायनलला मी तुला लाल कार्ड दाखवलं. दहा जणांत खेळूनही तुमची टीम जिंकली. फायनल येत्या रविवारी आहे, आणि तू त्यात खेळणार की नाही हे शिस्त समिती गुरुवारी ठरवणार. तुझ्या गुडघ्याचं वहिनीने मला सांगितलंय. डॉक्टर म्हणालेत, या सीझननंतर खेळणं बंद. म्हणजे फायनल हुकली तर तुझा शेवटचा सामना तोच, ज्यातून मी तुला बाहेर काढलं. हे वाक्य दोनदा खोडलं, तरी राहू दिलंय.

तू म्हणे सगळ्यांना सांगत सुटलायस की धाकट्याने डूख धरून कार्ड काढलं. डूख धरला कोणी रे? टीम सोडून मी रेफरीची परीक्षा दिली, तर दोन वर्षं तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आईच्या औषधांचंसुद्धा वहिनीमार्फत. आणि त्या दिवशी मी काही हौसेने शिट्टी घेतली नव्हती. नेमलेल्या रेफरीचा पाय मुरगळला, तेव्हा मी सेक्रेटरींना स्पष्ट म्हटलं, यात माझा सख्खा भाऊ आहे, मला नको. त्यांनी दोन्ही कॅप्टनांना विचारलं. तू बुटांच्या नाड्या बांधत म्हणालास, "कोणीही चालेल. शिट्टी वाजली म्हणजे झालं." मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस.

आता पुढचं ऐक. सेक्रेटरींनी, म्हणजे त्या ड्रायक्लीनिंगवाल्यांनी, माझा रिपोर्ट परत पाठवलाय. मी लिहिलं होतं, "खेळाडूने रेफरीस उद्देशून अपशब्द वापरला." त्यावर त्यांचा शेरा: अपशब्द कोणता, ते जसंच्या तसं लिहा. नियमच आहे तसा. समिती शब्द बघते. शिवी ठरली तर तीन सामने बंदी, नाही ठरली तर कार्ड रद्द. मी त्यांच्या दुकानात गेलो, म्हटलं, तो शब्द लिहिण्यासारखा नाही. इस्त्री बाजूला ठेवून ते म्हणाले, "फारच घाण असेल तर पहिलं अक्षर लिही आणि पुढे टिंबं दे." आता मी 'शें' लिहून पुढे टिंबं दिली, तर समितीतली ती म्हातारी माणसं काय काय वाचतील, सांग बरं.

शेंबड्या. घे, लिहिला एकदाचा.

पेनल्टी दिली नाही म्हणून तू अर्ध्या मैदानावरून ओरडत आलास, "शेंबड्या, कुठे बघतोयस?" दोन्ही टीम फिदीफिदी हसल्या. त्यांना काय माहीत, लहानपणी माझं नाक कायम वाहायचं आणि तू ते स्वतःच्या शर्टाच्या बाहीने पुसून मला शाळेत न्यायचास. त्या नावाने आईनेसुद्धा मला कधी हाक मारली नाही. ते फक्त तुझं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या टीमचा एक जण मला "आंधळा आहेस का" म्हणाला, म्हणून मी त्याला बाहेर काढलं होतं. तो गुपचूप बंदी भोगून आला. आता सख्ख्या भावाला मी एकट्याने उठून सोडवलं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. तूच येऊन सांगायला हवं. तर तुझा निरोप काय, "मी माफी मागायला येणार नाही." अरे, पण माफी मागितलीय कोणी? असा डोक्यात जातोस ना तू.

खरं सांगू? मला राग आलाच नव्हता. दोन वर्षांनी तू माझ्याशी बोललास, आणि बोललास ते नेमकं ते नाव घेऊन. माझे डोळे भरून आले. नाकही वाहायला लागलं, हस आता. सगळे बघत होते, गळ्यात शिट्टी, अशात रडायचं कसं? मी खिशात हात घातला तो रुमालासाठी. हाताला कार्ड लागलं आणि तेच बाहेर आलं. लाल कार्ड बाहेर काढल्यावर ते परत खिशात कसं घालायचं, हे त्या परीक्षेत कोणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं मी रिपोर्टात लिहिणार आहे. चूक रेफरीची, असंच. कदाचित ते माझी शिट्टी काढून घेतील. जिच्यापायी तू तुटलास तीही जाईल, मग मी काय कमावलं, याचा विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय.

गुरुवारी संध्याकाळी समिती ड्रायक्लीनिंगच्या वरच्या खोलीत बसणार आहे, तिथे ये. माफी नको, भाषण नको. ते विचारतील, याला तुम्ही घरी काय म्हणता? तेवढं सांग, सगळ्यांसमोर, मोठ्याने. कार्ड मी घरी ठेवून येईन. रुमाल आणतो.

तुझाच,
शेंबड्या