तुमचे मासे कोणी मारले?

अहो,

सप्रेम जयभीम. हसू नका! अडतीस वर्षांत तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही कधी लांब गेलातच नाही. लूमची शिफ्ट सुटली की थेट घरी. आज लिहितेय, कारण घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही आणि ही गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी. तुमचे मासे मेले. सातातले चार. आणि कोणी मारले ते मला काल कळलं.

थांबा, मध्ये विचारू नका. मला जसं कळत गेलं तसंच सांगणार.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी घर घासून काढलं. भंतेजी येणार, तुमच्या बहिणी येणार, नितीनच्या गोडाऊनमधले लोक येणार. आपल्या घरात पाऊल टाकलं की माणसाची नजर आधी तुमच्या दोन फुटी टाकीवर जाते. आणि आत तुमचा तो स्पंजचा फिल्टर, नळीतून हवा घेणारा, बुडबुडे सोडणारा. शी! चहाच्या गाळणीसारखा तपकिरी. काढला, नळाखाली धरला, ब्रशने घासला, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळला. नवाकोरा दिसायला लागला. म्हटलं, याला म्हणतात धुणं!

तुम्ही कसे धुवायचात? टाकीतलंच अर्धी बादली पाणी काढायचं, त्यात स्पंज दोनदा दाबायचा आणि तसाच मळका परत आत. मी म्हणायचे, नळ काय शोभेला आहे? तर म्हणे, "शालन, त्यात जीव असतो." मला वाटायचं, आळशी माणसाला बोलायला काहीतरी हवं.

कार्यक्रम छान झाला. टाकीचं सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी एक काळी मोली मरून तरंगताना दिसली, संध्याकाळी दुसरी. तुमची धाकटी बहीण डोळे पुसत म्हणाली, "वयनी, मालक गेला का मासं राहत न्हाय." मी तिला गप्प केलं. असल्या गोष्टींवर तुमचा विश्वास नव्हता, माझाही नाही. मासे असे मरत नाहीत. कोणीतरी काहीतरी केलंय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आधी मी शेजारच्या कारखान्यावर संशय घेतला. दार उघडं राहिलं की लूमचा कापूस उडून पाण्यावर येतो ना. मग तुमच्या बहिणीवरच घेतला, तिने टाकीत हात घातला होता. आणि मग प्राचीवर.

काय करू? सूनबाई दोनदा टाकीपाशी उभी दिसली. मच्छरच्या स्प्रेचा डबाही त्याच फळीवर. मी कुणाला न सांगता खाण्याच्या डब्याला पेनाने रेघ मारली, ही जास्त टाकते का ते बघायला. दोन दिवस माझ्या चिमटीपलीकडे एक दाणा कमी झाला नाही. यावर शहाणी बाई गप्प बसली असती. मला वाटलं, हिने रेघ पाहिली आणि डबा पुन्हा भरून ठेवला!

तेवढ्यात नितीनने मोबाइलवरून नवीन फिल्टर मागवला. टाकीच्या काठाला अडकवायचा डबा, आतली मोटर पाणी ओढते आणि वरून धबधबा सोडते. "आई, हा एकदम पावरफुल आहे." होता खरा! तुमचा मुकादम, तो लांब पंखांचा एंजल, सगळ्या टाकीत देखरेख करत फिरायचा. तो बिचारा त्या धारेने कोपऱ्यात जाऊन चिकटला. दोन दिवसांत मोटरीत कापूस अडकला आणि डबा घरघरत बंद पडला. आणखी दोन मासे गेले.

त्या दिवशी मी प्राचीला नको ते बोलले. नितीनसमोर. म्हटलं, "तूच काहीतरी फवारलंस. तुला ही टाकी घरात नकोच होती." तिचा चेहरा एवढासा झाला. "आई, मी त्या टाकीला हातसुद्धा लावत नाही. बाबांची आठवण आली की नुसती उभी राहते." एवढंच म्हणाली, पिशवी भरली आणि अंबाडीला माहेरी गेली. नितीन तेव्हापासून ड्युटीवर जाताना "येतो" पण म्हणत नाही.

मग मी काल तो बंद पडलेला फिल्टर आणि तुमचा स्पंज पिशवीत कोंबला आणि निघाले तुमच्या रफिकभाईच्या दुकानात, भांडायला. मासे त्याचेच ना! रोगट दिले असतील. तुम्ही गेल्याचं ऐकून तो खुर्चीवरून उठलाच. "फिटर साहब गए? या अल्ला!" मला पाणी दिलं. मी मनात म्हटलं, आता गोड बोलून मोठा फिल्टर गळ्यात मारणार.

विचारलं, "कुठला घेऊ? सगळ्यात महागडा काढा." तर म्हणाला, "कुछ मत लो भाभी. दो फूट की टंकी को आपका पुराना स्पंज बस है." विकणारा माणूसच नको म्हणतोय! यात काहीतरी काळंबेरं आहे, नाहीतर काय? मी उलटतपासणी घेतली. त्याने शांतपणे सांगितलं. या डब्याची धार एंजलला झेपत नाही. मोटर पाण्यात, त्यात आपल्याकडचा कापूस, म्हणजे रोजचं दुखणं. स्पंजचा पंप बाहेर असतो, धार हळू असते, आणि लाइट गेली तर बॅटरीचा छोटा पंप त्याच नळीला लागतो. "साहब ने सोच के लिया था."

मग त्याने पिशवीतून स्पंज काढला. बघितला, वास घेतला.

"ये किसने धोया?"

मी ताठ मानेने म्हटलं, "मी."

"नल के नीचे?"

अहो, ती ताठ मान खाली गेली. तो हळूच बोलत होता, मला दुखवू नये म्हणून. माशांची घाण खाणारे बारीक जीव त्या मळक्या स्पंजातच राहतात. ते घाण खातात म्हणून पाणी विषारी होत नाही. नळाच्या पाण्यातलं औषध त्यांना मारतं. मी ते सगळे घासून, पिळून, मोरीत सोडून दिले. वर चार लोकांकडून कौतुक करून घेतलं!

तुम्ही सांगितलं होतंत. पण एवढ्या तीन शब्दांत कोणी सांगतं का? नीट बसवून सांगायचं होतंत, शालन, असं असं आहे. मी ऐकलं असतं का? नसतं. तरी सांगायचं होतंत.

रफिकभाईने त्याच्या चालू टाकीतला एक मळका स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत बांधून दिला. आपल्या स्पंजशेजारी ठेवायचा, रोज थोडं पाणी बदलायचं, नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच घालायचं, खाणं चिमटीभर. सगळं केलं. तिघे उरलेत, दोन मोली आणि मुकादम. आज सकाळी तो कोपऱ्यातून बाहेर आला आणि त्याने एक दाणा खाल्ला. मला रडू आलं. त्याला वाचवता येईल, पण प्राचीचा तो चेहरा काही डोळ्यांसमोरून जात नाही.

नितीनला सगळं सांगितलं, तर म्हणाला, प्राचीला फोन लावून देतो. मी नको म्हटलं. संशय तोंडावर घेतला, तर माफी फोनवर कशी मागू? तिच्या आईसमोरच मागायला हवी.

खरं सांगू? मला माफी मागता येत नाही. पगाराला उशीर झाला तरी तुमच्यावर संशय, दोन वेळा हसलात तरी संशय, आणि नंतर मी खोटी ठरले की तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणायचात, "असू दे." किती सोपं करून दिलंत मला! फार वाईट सवय लावलीत.

उद्या सकाळच्या एसटीने अंबाडीला जातेय. प्राचीही तुमच्यासारखीच आहे, मी बोलायला लागले की म्हणेल, "असू दे, आई." तुम्हाला शब्द देते, मी तिथे थांबणार नाही. पूर्ण वाक्य बोलणार. चूक माझी होती, असं.

तुमची,
शालन