तनुजाची सकाळ माझ्या ताब्यात

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ९.
आजपासून महिनाभर बायकोची, स्वप्नालीची, फर्स्ट शिफ्ट. तिची बस पावणेसहाला. माझी सेकंड. म्हणजे तनुजाची सकाळ आता माझ्याकडे. पोरगी नऊ वर्षांची, एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. डॉक्टर म्हणाले, एका वेळी एकच काम सांगा, शेजारी उभे राहा, जमलं की लगेच शाबासकी द्या. डॉक्टरांनी कधी लाइन चालवलेली नाही. मी चाकणच्या कारखान्यात लाइनवर चाळीस माणसं हाकतो. चौदा पायऱ्यांचा तक्ता छापून बाथरूमच्या दारावर चिकटवला. आठवड्यात पोरगी स्वतःचं स्वतः आवरेल.

मंगळवार, ६.
पायरी दोनवर अडकलो. ब्रश घेऊन गॅलरीत गेली, समोरच्या बिल्डिंगची क्रेन बघत बसली. पेस्ट कुंडीत. शाळेची व्हॅन गेली. तक्त्याची अक्षरं बारीक पडली असावीत.

शुक्रवार, ९.
स्टॉपवॉच लावलं. तिला ते फार आवडलं. अंघोळ राहिली. शाबासकी द्यायला काही सापडेना, म्हणून ओरडलो. रडली. मग म्हणाली, "पप्पा, काय करायचं ते मला माहितीये. पण करायला गेलं की हरवतं." हे तक्त्यात कुठे बसत नाही.
घरमालकीण विमलबाई जिन्यातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आवो, येकेक सांगा की. पोर हाय, मशीन न्हाई." जुन्या माणसांना सिस्टिम कळत नाही.

बुधवार, १४.
ब्रश मीच फिरवला. फक्त आजच्या दिवस. व्हॅन मिळाली!

सोमवार, १९.
अंघोळ, वेणी, बुटाच्या लेससुद्धा मीच. तात्पुरतं. रोज तासभर त्या चार फुटी बाथरूममध्ये आम्ही दोघं. आत गिझरची वाफ, खाली व्हॅनचा हॉर्न, माझं बनियन ओलं. सुटका नाही. कंपनीत सुजितने विचारलं, "भावा, पोरीला लाइनीवर कसं आणलंस?" अर्धा तास समजावलं. त्याने लिहून घेतलं.

गुरुवार, २२.
मंगळवारी शाळेची सहल, एक मुक्काम. फॉर्मवर प्रश्न: 'पाल्य स्वतःचे स्वतः आवरते का?' तनुजा माझ्या खांद्यावरून वाचत होती, श्वास रोखून. 'हो'वर टिक केली. चार दिवस आहेत, होईल.

रविवार, २५. दुपार.
स्वप्नालीला सुट्टी. सकाळी म्हणाली, "दाखव गं, कशी आवरतेस." तनुजा ऐटीत बेसिनपाशी गेली, माझ्याकडे वळली आणि आ करून उभी राहिली. मी हललो नाही, तेव्हा फ्रॉकसाठी दोन्ही हात वर केले.
स्वप्नाली तिच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "शाळेच्या बाईंना फोन कर. खरं काय ते सांग."
केला. बाई म्हणाल्या, मग यंदा सहलीला नको.
तनुजाला अजून सांगितलेलं नाही. दोन दिवस आधीच बॅग घेऊन दाराशी बसली आहे. उघडून पाहिली. तीन टॉवेल, टीव्हीचा रिमोट आणि ब्रश. बॅग भर म्हणून तिला कोणीच सांगितलं नव्हतं.