इंजिनाच्या हौदातले मासे

बारामती, ६ ऑक्टोबर १९९६

सौ. आक्कास सारजाचा शि. सा. न. वि. वि.

शेंगांच्या पोळ्या पोचल्या. खोलीतल्या मुलींनी माझ्यासाठी दीडच ठेवली. दाजींची पिठाची गिरणी कशी चाललीय? भिगवणला यायचं फार मनात आहे, पण आमच्या संशोधन केंद्रातून सर सुट्टी देत नाहीत.

एक काम आहे. माशाला बाहेरून कान दिसत नाही, पण कवटीच्या आत तो असतो. त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या आवाज टिपतात. त्या पेशींशी जोडलेला मज्जातंतू जगायला काही प्रथिनं लागतात, आणि ती प्रथिनं धरून ठेवायला ग्राही, म्हणजे रिसेप्टर, लागतात. ग्राही नसेल तर प्रथिन असून नसून सारखंच. हे ग्राही माशाच्या कानात नेमके कुठे असतात, ते मला शोधायचंय. कानाचे पातळ काप रंगवायचे. जिथे ग्राही असतील तिथे तपकिरी रंग चढतो. त्यासाठी रोहूची बोटभर पिल्लं हवीत. धरल्यावर पंधरा दिवस शांत जागी ठेवलेली. मासे तुझ्याइतके कुणाला कळतात?

सगळ्यांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सारजा

---

भिगवण, २३ ऑक्टोबर १९९६

चि. सारजास अ. उ. आ.

आमचे महिपती भाऊजी दर गुरुवारी बारामतीच्या बाजाराला मासे घेऊन जातात, त्यांच्याबरोबर डबा धाडलाय. शेतातल्या जुन्या विहिरीत जाळीच्या पिंपात पिल्लं सोडली होती. तिथे चिटपाखरूही ओरडत नाही. दर दोन आठवड्यांनी एक डबा येईल.

तू आप्पांना लिहिलेलं पत्र त्यांनी इंदापुरात न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचलं, म्हणे. धाकलीनं नाव काढलं, थोरलीला काय त्याचं सोयरसुतक न्हाय, असंही वर म्हणाले. मी तुझ्याच कॉलेजात प्राणिशास्त्रात पहिली आले, तेव्हा आप्पांनी पेढे वाटले नव्हते. पंधरा दिवसांत पाहुणे आणले होते. तुला तरी पुढे शिकवा म्हणून मीच त्यांच्यापुढे दोन दिवस उपाशी बसले, ते तुला आठवत नसेल. मला गिरणीत दळण मापताना रोज आठवतं. जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं, तेवढंच बरं वाटलं.

हे मजेत आहेत. थंडी पडायला लागलीय, कानाला रुमाल बांधत जा. दुसऱ्यांचे कान बघता बघता स्वतःचे विसरशील.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

आक्का

---

बारामती, १२ जानेवारी १९९७

सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं जळणं वाचून हसले आणि मग हसूही येईना. तुला वाटतं तेवढं इथे सुख नाही.

तुझ्या पहिल्या दोन डब्यांतल्या माशांत रंग इतका सुरेख चढला की सरांनी सगळ्या विभागाला बोलावून दाखवला. दिवाळीनंतरच्या डब्यांना मात्र काय झालंय कळत नाही. कधी रंग तुटक, कधी नाहीच. सरांना वाटतं माझा हात बिघडला. रंगवायचं द्रव्य परदेशातून बर्फात येतं, ते मी वाया घालवते असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मार्चअखेर धड निकाल दाखवला नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाणार. आणि आप्पा टपलेलेच आहेत. सोमेश्वरनगरच्या कारखान्यातलं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलंय. परत आलीस की उरकून टाकू, असं लिहितात.

आक्का, माशांत काही बदल केलास का? जागा, पाणी, खाणं? नीट आठवून सांग. माझं सगळं यावर आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
सारजा

---

भिगवण, १८ जानेवारी १९९७

चि. सारजास अ. उ. आ.

काहीही बदल नाही. मासे होते तिथेच आहेत. सर म्हणतात तसा तुझा हातच बघ. लहानपणी तुला साधी रांगोळीची रेघ सरळ यायची नाही. सोमेश्वरनगरचं स्थळ वाईट नाही, मुलगा निर्व्यसनी आहे म्हणतात.

दळणाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात.

आक्का

---

भिगवण, २३ फेब्रुवारी १९९७

चि. सारजास अ. उ. आ.

हे पत्र तीनदा फाडलं. आता पुरं करते.

दिवाळीत विहिरीची कड ढासळली. पिल्लं कुठे ठेवायची म्हणून मी ती गिरणीच्या हौदात सोडली. आमच्या इंजिनाला थंड ठेवायला बाहेर जो सिमेंटचा हौद आहे ना, तोच. शेवाळ खायला त्यात आमच्याकडे नेहमीच चारदोन मासे असतात, म्हणून काही वाटलं नाही. हौदाच्या भिंतीला लागूनच इंजिन आहे. दिवसाचे आठ तास इतकं दणदणतं की काठावर ठेवलेला तांब्या सरकत सरकत खाली पडतो. इथवर ती नुसती चूक होती.

पण तुझं जानेवारीचं पत्र वाचलं आणि मला तिथल्या तिथे कळलं. माझ्या सासऱ्यांची सबंध हयात त्या इंजिनापाशी गेली, त्यांना आता कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. माशांचं दुसरं काय होणार? कळलं, आणि तरी मी तुला खोटं लिहिलं. तू परत यावीस, तुझ्याही हातात दळणाचं माप यावं, असं मला वाटत होतं. महिनाभर वाटत होतं. त्या दिवसांत मला छान झोप लागायची, हेही लिहून ठेवते.

विहिरीची कड बांधून महिना झाला. दोन डबे धाडलेत, एकावर विहीर लिहिलंय, एकावर इंजिन. आता तुझं तू बघ.

आशीर्वाद घ्यायचा की नाही ते तू ठरव.

आक्का

---

बारामती, १९ मार्च १९९७

सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नावानं बोटं मोडली. दोन दिवस जेवले नाही. माझ्यासाठी उपाशी बसलेल्या आक्काची गोष्ट मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि तीच आक्का असं वागते! अजून राग गेलेला नाही.

पण दोन्ही डबे शेजारी शेजारी रंगवले. विहिरीच्या माशांत रंग ठसठशीत. इंजिनाच्या माशांत केसांच्या पेशीच विरळ, आणि रंग तुटक तुटक. सरांनी दोनदा चष्मा पुसला. दोन डब्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण काम पुढे न्यायला एवढं पुष्कळ झालं, म्हणाले. माझी जागा राहिली. आप्पांना कळवलंय, सोमेश्वरनगरला नकार द्या.

आता माझं ऐक. हे इंजिनाचं कुणाच्या ध्यानात आलं, असं सरांनी विचारलं. मी म्हणाले, भिगवणचा एक मासेवाला आहे. माझी बहीण असं तोंडातून निघेना. मी लहानपणापासून तुझी जुनी पुस्तकं वाचली. प्रश्न कळायच्या आत समासात तुझ्या पेन्सिलीनं उत्तर लिहिलेलं असायचं. तू आठ दिवस जरी इथे आलीस तरी सर माझ्याकडे बघायचे नाहीत, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून आहे. तू एकटीच जळतेस असं समजू नकोस.

अजून मासे हवेत, दोन्हीकडचे. माझ्यासाठी नको, कामासाठी पाठव.

सारजा

---

भिगवण, २६ मार्च १९९७

चि. सारजास अ. उ. आ.

मासेवाला! बरं.

तुझ्या आणि तुझ्या सरांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. इंजिनाचा हौद नुसता दणदणत नाही, तापतोसुद्धा. दुपारी त्यात हात घातला तर पाणी कोमट लागतं. मग माशांचे कान आवाजानं गेले की गरम पाण्यानं, हे कशावरून ठरवलंत?

म्हणून मी तिसरी जागा केलीय. इंजिनाचं गरम पाणी बादलीनं वाहून लांब गोठ्यामागच्या टाकीत ओतते. पाणी तितकंच कोमट, पण आवाज नाही. दिवसातून सहा खेपा होतात. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की आमची सून आता माशांची बाळंतपणं करतीया. करते म्हटलं.

पंधरा दिवस भरले की महिपती भाऊजींबरोबर तीन डबे येतील. त्यांच्यावर एक, दोन, तीन एवढे आकडेच असतील. कोणता कुठला, ते तुला कळणार नाही. तू आधी रंग बघून सांगायचंस. उत्तर लिहिलेला बंद लखोटा मी आजच तुझ्या सरांच्या नावे रजिस्टर पोस्टानं टाकलाय. तू सांगितल्यावर त्यांनी तो फोडायचा आहे.

लखोट्यावर माझं नाव घातलंय, पुढे बी. एस्सी. आणि माहेरचं आडनाव. तुझंच आडनाव बघून सर विचारतीलच, ही कोण म्हणून.

सांग त्यांना.

कौसल्या