एका घराचा शब्द

धर्माबाद,
१९ फेब्रुवारी २००६

पुनी,

दादाचा रामराम घे. मी बरा हाय, खोकला सोडला तर. इथं मिरचीचा मोसम चालू हाय, अख्खं गाव शिंकून राहिलंय. सध्या जावेदभाईच्या ट्रकवर क्लीनर हाय. मागच्या आठवड्यात लातूरवरून गेलो, पण ट्रक गावाबाहेरूनच निघाला. तुमच्या क्लासवाल्यांच्या पाट्या लांबून दिसल्या. एकेका पोराचा फोटो बैलगाडीएवढा. जावेदभाई म्हणले, "तेरे बहन का भी लगेगा एक दिन."

तुमच्या होस्टेलातलं वरण अजून तेवढंच पातळ हाय का? आपल्या शाळेचे गुरुजी संक्रांतीनंतर लातूरलाच गेले. कोणत्या तरी होस्टेलवर रेक्टर झालेत म्हणे. दिसले तर वळख दे. राग धरू नको. आपल्या वस्तीचे म्होरके नाईकबाबा म्हणले, "कोलामाच्या पोडावर माणूस टिकला तेवढाच लई."

तेव्हापासून शाळा बंद हाय. बंद म्हणजे, बाबा रोज सकाळी पोरं गोळा करतात, कवाड उघडतात, दुपारी सोडतात. शिकवायला कोणी न्हाई. बाबांना स्वतःला अक्षर येत न्हाई, ते काठी घेऊन दारात बसतात.

भूकंप झाला तेव्हा तू लहान होतीस. बाबा किल्लारीकडं बांबूचे तट्टे घेऊन गेले होते, लोकांना आडोसा करायला. तिथलं एकच सांगतात. "घरं पडली, माणसं गेली, अन् महिना झाला न्हाई तर आमच्या तट्ट्याखाली पोरं पाढे म्हणत होती. म्हणलं, आपलं तर काहीच पडलं न्हाई. मग आपली पोरं रानात का?" तिथून आले ते किनवट, नांदेड, हाफिसाच्या पायऱ्या झिजवत राहिले, शाळा मिळेपर्यंत. शाळा मिळाली तर पोरांना मराठी कळेना. गुरुजी 'पाणी' म्हणायचे, अन् बाबा बाजूला उभं राहून आपल्या बोलीत 'ईर' म्हणायचे. तेव्हा पोरं माना हलवायची. तू पण त्यातलीच.

आता लिहायचं ते लिहितो, न्हाईतर पत्र मिरचीतच संपंल.

हाफिसानं सांगितलंय, पोडातलं कोणी दहावी पास असंल तर द्या, आम्ही त्याला शिकवायला ठेवतो. न्हाईतर जूनपासून शाळा कायमची बंद, पोरं आश्रमशाळेत. तिथून बारकी पोरं पळून येतात, गेल्या साली लिंबाजीचं पोरगं दोन दिवस रानात होतं. पोडात दहावी पास एकच हाय. तू.

चावडी बसली. आपल्यात घरागणिक शब्द द्यावा लागतो, एक घर गप्प राहिलं तर ठराव होत न्हाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. सगळी घरं बोलली, पुनीनं अकरावीवरच शिकणं सोडून यावं. बाबांनीच तुला लातूरला नेऊन सोडलं होतं, तेही तेच बोलले. मान खाली घालून बोलले. मग आपलं घर आलं. बाप न्हाई म्हणून मी बोलायचं. आई बाहेर बांबू चिरत होती. तिला विचारलं तर म्हणली, "तुला दिसतं ते बोल."

मी लघवीला जाऊन येतो म्हणलो, सडकेवर गेलो अन् हिमायतनगरची जीप धरली.

मला वाटलं, लई हुशारी केली. मी न्हाई तर ठराव न्हाई, ठराव न्हाई तर तुझं शिक्षण चालू. पण परवा बाजारात लिंबाजी भेटला. म्हणला, बाबा अजून रोज संध्याकाळी चावडीत घोंगडं टाकून बसतात. अंगात ताप हाय. लोक म्हणले, नरसिंग्या पळाला, त्याच्याबिगर करून टाकू. तर बाबा म्हणले, "एक घर गाळून ठराव केला, तर हाफिसात अन् आपल्यात फरक काय?"



हे तुला कळलं की तू पिशवी भरशील, म्हणून इतके दिवस लिहिलं न्हाई. पिशवी भरू नको. उद्या मी जातो. चावडीत बसून सांगतो, आमचं घर पुनीला देत न्हाई, मला देतं. पोरांपुढं मी बसतो. नववी नापासाला हाफीस घेणार न्हाई, हे मला कळतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतो. जूनच्या आत ते जमणार न्हाई, मग बाबा अन् मी मिळून पुन्हा हाफिसाच्या पायरीवर बसू. त्यांना एकट्याला आता चढवत न्हाई.

जावेदभाई हसले. "तू? गाडी दस मिनट खडी हुई तो तेरेकू चैन नहीं रहता, मियाँ." खरं हाय. मला माझीच भीती हाय. बाबा ऐकतील का, तेही माहीत न्हाई. लोक तर बोलतीलच, शिकलेली ठेवली अन् न शिकलेला दिला.

तुला न्यायला कोणी आलं, तर माझ्या तोंडून ऐकल्याबिगर निघू नको. ट्रक इथून पुढं माझ्याबिगर जाईल.

तुझा, पोडाकडं निघालेला,
नरसिंगदादा