साधं पाणी

माय, आमच्या घरात समुद्राचं पाणी आहे असं सांगितलं तर तू मला वेड्यात काढशील. पण खरंच आहे. चंद्रपूरच्या घरी, बैठकीत कूलरशेजारी, काचेच्या मोठ्या टाकीत. तुझ्या जावयाचा नाद. सिमेंट कंपनीतून निवृत्त झाले आणि नागपूरहून मशरूम कोरल घेऊन आले. दिसायला थेट पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या सात्यांच्या छत्र्या, पण जांभळ्या नि हिरव्या, दगडाला चिकटून बसलेल्या, आणि जिवंत प्राणी बरं का. शेजारी रोज विचारायचे, "भाऊ, याची भाजी कवा करता जी?" तूही पहिलं हेच विचारलं असतंस. मी आपली वीजबिलावरून कुरकुरायची.

गेल्या हिवाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. आल्यागेल्याला तासभर सोडत नसत, त्या माणसाच्या तोंडून आता एखादाच शब्द निघतो, तोही ओढून काढल्यासारखा. दिवसभर टाकीसमोर खुर्चीत बसतात. त्यांच्याकडे तेवढंच राहिलंय म्हणून टाकी मी सांभाळायला लागले. काही कळत नव्हतं, पण त्यातलं काही मेलं तर हेही खचतील, ही धास्ती मनातून जाईना.

मे लागला. पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावलेला, त्यानं पाणी भराभर उडायचं. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच भरायचं, असा माझा सरळ हिशोब. म्हणून रोज मीठ कालवलेलं पाणी ओतायची. छत्र्या आक्रसायला लागल्या. एका दुपारी हे टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "मीठ." मान हलवत होते, पण आजारानंतर त्यांच्या हो-नाहीचा भरवसा उरलेला नाही. मी मीठ वाढवलं. जेवताना पुन्हा, "मीठ." मी वरणात घातलं. त्यांनी ताट ढकलून दिलं आणि लहान पोरासारखे रडले. मला इतका राग आला माय, त्यांचा की माझा तेही कळेना. स्वयंपाकघरात जाऊन मीही रडून घेतलं.

तिथं ओट्याशी तू आठवलीस. कुरखेड्याकडचं आपलं घर, तू धानाच्या रोवण्यावर गेलेली, चुलीवर मी सात्यांचा रस्सा ठेवलेला. रस्सा आटतो, मी पाणी घालते, आणि दर वेळी थोडं मीठही. तू येतेस, बोटानं चव घेतेस आणि तोंड वाकडं करतेस. "काऊन वं, पाणी आटलं तं मीठबी उडून जाते का? मीठ तठीच राह्यते. साधं पाणी टाकाव लागते!" त्या दिवशी मी फुगून जेवलेच नव्हते.

डोळे पुसून बाहेर आले. विचारलं, "टाकीत मीठ जास्त झालं का?" त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. मग खारं पाणी थोडं थोडं काढून फिल्टरचं साधं पाणी घालत गेले, काही दिवस, घाई न करता. एक छत्री गेली. बाकीच्या हळूहळू फुलल्या. हे म्हणाले, "पाणी." म्हटलं, "हो जी, पाणीच."

हे सगळं तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? हे पत्र कपाटात साड्यांखाली राहील. पण एक सांगायचंय, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्यांना काय हवंय ते आता मला त्यांच्याआधी कळतं. तरी मी न कळल्यासारखी उभी राहते. ते शब्दासाठी झगडतात, ते बघवत नाही, पण बोलले नाहीत तर आहेत तेही शब्द जातील. म्हणून त्यांचा चष्मा पदराआड धरून विचारते, "काय पायजे जी?"