एकतीस मुलांची एक तारीख

जयभीम
नागपूर, १८ ऑगस्ट १९६९

ती. आत्याबाईस प्रेमिलाचा सविनय जयभीम, वि. वि.

तू विणून पाठवलेली चादर पोचली. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या शोभाताईंनी ती तीनदा उलटसुलट करून पाहिली आणि मलाही एक मिळेल का म्हणून विचारले. मी सांगितले, विणणारी माझी आत्या आहे, पवनीला असते, आणि घाई केली की चिडते. मी राहते त्या शहराबाहेरच्या वाडीला दिवसभर ट्रकांचा धुरळा असतो, पण खोली स्वस्त आहे आणि शाळेसाठी इतवारीपर्यंत बस मिळते. जेवण वेळेवर करते. तू विचारण्याआधीच सांगितले.

शाळेत यंदा दिनविशेषाचा फळा माझ्याकडे दिला आहे, अक्षर चांगले म्हणून. फाटकापाशी तो फळा असतो. आज कोणाचा जन्म झाला, कोणती लढाई झाली, पहिली आगगाडी कधी धावली, असे रोज एका जाड वहीतून उतरवून काढायचे. ही वही मुख्याध्यापक मधुकररावांनी वीस वर्षे खपून स्वतःच्या हाताने लिहिली आहे. परवा सहज पाने उलटत चौदा ऑक्टोबरवर आले. पान कोरे आहे. त्या दिवशी जगात काहीच घडले नाही.

मी त्यांना जाऊन विचारले, धम्मदीक्षेचा दिवस लिहू का. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, बाई, इतिहास मुरावा लागतो, तेरा वर्षांत तो होत नाही, आणि तो एका समाजाचा कार्यक्रम होता. मी मान हलवून बाहेर आले. वर्गात गेल्यावर आठवले की गेल्या महिन्यातच माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा त्यांनी एकवीस जुलैच्या पानावर तांबड्या शाईने ते लिहून टाकले. त्या इतिहासाला मुरायला एक दिवसही लागला नाही. हे तोंडावर सांगायला हवे होते. पण आत्या, येत्या जूनमध्ये मला कायम करायचे की नाही हे त्यांच्याच शेऱ्यावर ठरायचे आहे. म्हणून गप्प बसले आणि आता स्वतःचाच राग येतो.

कमरेला जप. रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी, प्रेमिला

---

जयभीम
पवनी, २६ ऑगस्ट

चि. प्रेमिलास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू मान हलवून आलीस हे वाचले आणि हातातला धोटा खाली ठेवला. शोभाताईंना सांग, चादर दिवाळीनंतर. आधी भाचीला चार गोष्टी सुनावायच्या आहेत.

एका समाजाचा कार्यक्रम म्हणतो होय तो? तू आठ वर्षांची होतीस. दीक्षेला पांढऱ्या कपड्यातच जायचे म्हणून मी व्यापाऱ्याचे रंगीत सूत बाजूला ठेवून आपल्या दोघींसाठी पांढरे विणले, म्हणून त्याने महिनाभर काम दिले नाही. चालताना तुझे पाय सुजले तेव्हा तुला पाठीवर घेतले. नागपूरला पोचलो तर जिकडे बघावे तिकडे पांढरे. लाखो माणसे, आणि कोणी कोणाला मागे सर म्हणत नव्हते. मी तोपर्यंत रस्त्यात कोणी दिसले की बाजूला व्हायची. त्या दिवसानंतर झाले नाही. परत आल्यावर तुला शाळेत घातले आणि तुझ्याच पाटीवर मी अ आ गिरवले. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, आणि त्या माणसाला त्या दिवशी काही घडले नाही असे वाटते.

नोकरी सांभाळ असे मी म्हणायला हवे. सगळ्या आत्या तेच म्हणतात. मला ते लिहवत नाही. भांडू नकोस, पण पुन्हा विचार. तो कंटाळेपर्यंत विचार.

कमर ठीक आहे. माया कमी करू नकोस.
आत्या

---

जयभीम
नागपूर, २० सप्टेंबर

ती. आत्याबाईस सविनय जयभीम, वि. वि.

तीनदा विचारले. तिसऱ्यांदा चंद्राचेही बोलले. मधुकरराव म्हणाले, या शाळेच्या कागदोपत्री जे आहे तेच फळ्यावर जाईल.

मग एक नवलच झाले. मुलांच्या तब्येतीची तपासणी व्हायची होती, म्हणून मुलांची नावे नोंदवतात त्या दाखलखारीज रजिस्टरातून मला सगळ्यांच्या जन्मतारखा उतरवायला सांगितल्या. उतरवताना माझा हात थांबला. चौदा ऑक्टोबर. चार नावे सोडून पुन्हा चौदा ऑक्टोबर. साल वेगळे, तारीख तीच. पहिलीपासून चौथीपर्यंत एकतीस मुले निघाली. आजवर हे कोणी पाहिलेच नाही, कारण रजिस्टर ज्याचे त्याचे पान बघण्यापुरते उघडतात.

इतवारीत हातगाडी ओढणाऱ्याची बायको प्रयागबाई मुलीला न्यायला येते. तिला मी हळूच विचारले. ती लाजली नाही की घाबरली नाही. म्हणाली, बाई, गुर्जीनं इचारलं पोरगी कधीची हाये, आता मले का मालूम, दिवस पावसाचे होते एवढं ध्यानात हाये, पन मले एकच तारीख पाठ हाये, तेच सांगतली. बाकीच्या घरीही हेच झाले असणार. कोणी कोणाशी ठरवलेले नाही, आत्या. ज्याने त्याने आपापल्या पोराला आपल्याकडची सगळ्यांत चांगली तारीख दिली.

मी रजिस्टर घेऊन मधुकररावांकडे गेले. म्हटले, आहे ना शाळेच्या कागदोपत्री. ते बराच वेळ पाने उलटत बसले. मग कपाटातून माझे सर्व्हिस बुक काढले आणि माझ्यासमोर उघडे ठेवले. जन्म, १४ ऑक्टोबर १९४८. ते म्हणाले, म्हणजे तुम्हीही नेमणुकीला खोटीच तारीख दिलीत. मी वर कळवले तर जूनचे सोडा, दिवाळीच्या आत घरी जाल. तुम्ही फळ्याचा विषय सोडा, मी हा सोडतो.

आत्या, मी आजवर तो माझा वाढदिवसच समजत होते. त्या दिवशी तू दरवर्षी खीर करायचीस. माझा जन्म खरा कधीचा? खरे लिही. मला फार भीती वाटते आहे, आणि ती तुला नाही सांगायची तर कोणाला.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
प्रेमिला

---

जयभीम
पवनी, २७ सप्टेंबर

चि. प्रेमिलास आशीर्वाद, आणि आधी पाणी पी.

तुझा जन्म कधीचा ते मला माहीत नाही. ज्वारी कापून झाली होती आणि थंडी सुरू व्हायची होती. तुझा बाप आधीच गेला होता, आई महिनाभरात गेली. तेव्हा कॅलेंडर बघायला कोणाला सुचणार? शाळेत घालायला नेले तर आपल्या गावचा मास्तर म्हणाला, एक जुलै लिहून टाकतो, ज्याले मालूम नाई त्याले मी एक जुलैच देतो. अर्धा गाव त्याने एक जुलैला जन्माला घातला आहे, पाटलाच्या पोरांसकट. मी म्हटले, नाई गा मास्तर, मायी पोरगी चौदा ऑक्टोबरची हाये, तेच लिव. तो हसला. मी हसले नाही. त्याने लिहिले.

तुला सांगितले नाही ही माझी चूक. तू विचारले असतेस तर सांगितले असते. खीर मात्र खोटी नव्हती.

घाबरलीस म्हणून रागावत नाही. मीही ते पत्र वाचून दोन दिवस मागावर बसले नाही. मग आपल्या मास्तरलाच जाऊन विचारले, सरकारी वहीतली जन्मतारीख बदलायची रीत काय. तो म्हातारा झाला आहे, पण डोके शाबूत आहे. त्याने सांगितले ते ऐकून मी घरी आले आणि सोबतचा कागद लिहिला. तो साहेबांना दे. वाचून बघ, पण शुद्धलेखन सुधारू नकोस.

मुख्याध्यापक साहेबांस जयभीम. प्रेमिला माझी भाची. तिचा जन्म कधी झाला मला माहीत नाही, आमच्या घरात तेव्हा तारखा नव्हत्या. चौदा ऑक्टोबर छप्पनला आम्ही नागपुरात दीक्षा घेतली आणि माणसासारखे उभे राहिलो. तोच दिवस मी मुलीला लिहून दिला. गुन्हा असेल तर माझा, तिचा नाही. तुम्हाला तारीख बदलायची तर बदला. पण बदलाचे कारण लिहून त्याखाली तुमची सही लागते. तर वरचे सगळे कारण म्हणून जसेच्या तसे तुमच्या हाताने उतरवा. एकतीस मुलांचेही असेच करा. अंजनाबाई, विणकरीण, पवनी.

नोकरी गेली तर इथे दुसरा माग रिकामा आहे. पण तारीख खोडून आलीस तर तुझ्याशी काय बोलावे मला कळणार नाही.

जीव लावून आहे, तसाच तूही लाव.
आत्या

---

जयभीम
नागपूर, १५ ऑक्टोबर

ती. आत्याबाईस सविनय जयभीम, वि. वि.

कागद दिला. मधुकररावांनी दोनदा वाचला. दौतीचे झाकण उघडले, लावले. मग म्हणाले, जा बाई, तुमचा वर्ग सुरू झाला. माझ्या तारखेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटले जिंकले.

काल सकाळी शाळेत गेले तर फाटकापाशी फळाच नव्हता. त्यांनी तो आपल्या खोलीत ठेवून कुलूप लावले होते. खरे सांगते, परत फिरावेसे वाटले. मग वर्गातून खडू आणला, पदर खोचला, आणि प्रार्थनेच्या अंगणातल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. हातभर मोठ्या अक्षरांत लिहिले, १४ ऑक्टोबर १९५६, आज नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. खाली लिहिले, आज आपल्या शाळेतल्या एकतीस मुलांचा वाढदिवस. आणि मग एकतीस नावे लिहिली. शेवटी माझे.

मुले येत गेली. आपले नाव सापडले की ओरडत होती. प्रयागबाईची मुलगी तर आपल्या नावापाशी पहाऱ्यालाच बसली. रांगा लागल्या त्या अक्षरे सोडून, वाकड्यातिकड्या. कोणी तसे सांगितले नव्हते.

मधुकरराव आले, बघितले, आणि शिपाई बळीरामला पाणी ओतायला सांगितले. बळीराम आपल्यातला नाही, काटोलकडचा शेतकरी माणूस. त्याने बादली भरून आणली, साहेबांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, पोट्ट्याइचा वाढदिस हाये गुर्जी, मी काहून पुसू, तुमीच पुसा. अख्खी शाळा बघत होती. साहेबांनी बादलीकडे बघितले, आमच्याकडे बघितले, आणि घंटा द्यायला सांगितली. प्रार्थना झाली.

चार वाजता मला मेमो मिळाला. शाळेचा शिक्का, जावक क्रमांक, खाली त्यांची सही. दिनांक १४ ऑक्टोबर रोजी, धम्मदीक्षा दिनाच्या निमित्ताने, आपण विनापरवानगी शाळेच्या अंगणात मजकूर लिहिला, तरी आठ दिवसांत खुलासा करावा. मी तिथेच उभ्याने खुलासा लिहिला. लिहिला हे खरे आहे, पुढील वर्षीही लिहीन, परवानगी मिळाल्यास फळ्यावर. शोभाताई म्हणतात, आता जूनची आशा सोड. सोडली. काल रात्री मला इतकी शांत झोप लागली की बस चुकली.

पुढच्या बसमध्ये सुचले ते सांगते. ज्या माणसाला तो दिवस वहीत नको होता, त्यानेच तो आपल्या हाताने, नाव घालून, शाळेच्या दप्तरी दाखल केला आहे. पोचपावतीवर माझी सही आहे.

आता तू काय म्हणतेस ते कळव.
तुझी, प्रेमिला

---

पवनी, १७ ऑक्टोबर (कार्डावर)

चि. प्रेमिलास आशीर्वाद.

कार्ड लहान आहे, आनंद मावत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येते आहे, शोभाताईंची चादर दिवाळीआधीच पुरी करून घेऊन. वाटेत प्रयागबाईकडे आणि त्या बळीरामकडे मला ने. साहेबांकडे नेऊ नकोस, मी हात जोडून आभार मानीन आणि त्यांना ते सोसणार नाही. मेमो नीट ठेव, घडी घालू नकोस. तो मला काचेत बसवून मागासमोर लावायचा आहे. बाई, तू आता खरोखर चौदा ऑक्टोबरची झालीस, सरकारी शिक्क्यासकट.

तुझीच, आत्या