शपथेच्या आधी

प्रिय ऋता,

एकाच घरात राहून बापाने पत्र लिहावं, याचं तुला हसू येईल. पण समोर बसलो की मी हवापाण्याच्या गप्पा काढतो आणि तू फोनकडे बघतेस. सोमवारी तुला कोर्टात उभं राहायचंय, म्हणून आजच लिहितो.

इथे अमेरिकेत केंद्र सरकारला मतदारयादी हवी आहे आणि तुमचं राज्य ती देत नाही, एवढं मला पेपरातून कळलं. यादी राखणं हा राज्याचा अधिकार आहे आणि आमची यादी स्वच्छ आहे, तिच्यात एकही अपात्र नाव नाही, असं तू राज्याच्या निवडणूक कचेरीतर्फे शपथेवर सांगणार आहेस. मला याची गंमत वाटते. नागपूरला मास्तर असताना मी अकरा निवडणुका केंद्राध्यक्ष म्हणून काढल्या. लोकसभेला देशभर आयोग एक, शाई एक. तुमच्याकडे बारा कोसांवर भाषा नाही, कायदा बदलतो, असं मी जेवताना म्हणालो. म्हणूनच कोणा एकाला सगळं बळकावता येत नाही, असं तू सुनावलंस. मला ते पटलं होतं, पण कबूल केलं नाही.

तुझी आई गेल्यावर तू मला इथे आणलंस, ग्रीन कार्ड करून दिलंस. पहिल्याच वर्षी गाडीचं लायसन्स काढायला गेलो, तेव्हा तू बाहेर गाडीत ऑफिसचा कॉल घेत होतीस. इथे लायसन्सच्याच फॉर्मवर विचारतात, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का. नावं नोंदवत उन्हातान्हात दारोदार फिरलेला माणूस मी, नको कसं म्हणणार? खाली नागरिक असल्याची चौकट होती. तिच्यावरही सवयीने खूण केली. मतदार कार्ड घरी आलं तेव्हा चूक उमगली: ग्रीन कार्ड असलं तरी मी इथला नागरिक नाही, आणि मतदार फक्त नागरिकच होऊ शकतो. मत मी कधीच दिलं नाही. पण तुझ्याच कचेरीला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून चार वर्षं गप्प बसलो.

तर ऋता, तुमच्या यादीत मी आहे. नाव काढायचा अर्ज आज सकाळी पोस्टात टाकला, खरं कारण लिहून. ग्रीन कार्ड जाऊ शकतं, हे मला माहीत आहे. भीती वाटते, आणि तुझ्यासमोर लाज त्याहून जास्त वाटते. यादी कोणी सांभाळावी यावर तू बेलाशक बोल. फक्त ती स्वच्छ आहे, असं म्हणू नकोस. आजवर ते खोटं माझ्या एकट्याचं होतं. हे वाचल्यावरही तसं बोललीस, तर ते तुझं होईल.

तुझाच,
बाबा